पाहुणे की गावकरी?

संगणकावर शहराचे काम करणारे चार तरुण खेड्यात एकत्र राहिले की खेडे पुन्हा नांदेल, असे २०२० च्या टाळेबंदीपासून ऐकू येते. आम्हांस हे पटत नाही. मेळघाटातील हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजले. परंतु इंटरनेट हे साधन आहे, सहजीवन नव्हे. नागपूरजवळच्या वर्धा जिल्ह्यात, पुढे सेवाग्राम झालेल्या शेगावात, गांधीजी १९३६ मध्ये राहावयास गेले. आश्रमात सर्वांचे एकच स्वयंपाकघर होते. ग्रामसफाई हेही आश्रमाचेच काम होते. आज गावात बसून पगार मिळवणारा, परंतु मुलांना शहरातील शाळेत धाडणारा व ग्रामसभेकडे न फिरकणारा, हा पाहुणाच होय. आमच्या तरुणांनी अवश्य परतावे. मात्र गावकरी होण्यासाठी.