पोचल्यावर फोन कर, एवढंच?

घरातली मुलगी एकटी पुण्याहून नागपूरला निघाली, तर चार मोठी माणसं जमतात. गाडी कोणती, सोबत कोण, उतरवून घ्यायला कोण येणार, सगळं विचारलं जातं आणि बहुतेक वेळा शेवटी 'नकोच जाऊ' असं ठरतं. मुलगा निघाला तर अम्मी दारातून एवढंच म्हणते, 'पोचल्यावर फोन कर.' त्याला काय होणार, हे आपण गृहीतच धरलेलं असतं. माझ्या मते हे दोन्ही चूक आहे. मुलीला आपण बंदी घालतो, मुलाला मोकळं सोडतो; तयारी मात्र दोघांचीही करून घेत नाही.

पुरुषाला धोका नाही, असं आकडे तरी सांगत नाहीत. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांतले दहापैकी आठांहून अधिक पुरुष होते. रस्त्यावर पुरुषच जास्त असतात, हे त्याचं एक कारण. पण 'मला काही होत नाही' ही मिजास हेही एक कारण आहे. मध्यरात्री हेल्मेटशिवाय गाडी काढणारा एखादा मित्र आपल्या सगळ्यांच्याच ओळखीचा असतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एखादी यंत्रणा कधीतरी बंद पडेल, या भीतीने आम्ही ती सुरूच करायची नाही असं ठरवत नाही. बंद पडली तर काय करायचं, ते आधी लिहून ठेवतो. प्रवासालाही हाच नियम लावावा.

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे येणारी खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. तेव्हा स्लीपर बसमध्ये चढल्यावर बॅग ठेवण्याआधी आपत्कालीन दरवाजा कुठे आहे आणि काच फोडायची हातोडी जागेवर आहे का, ते पाहा. चपला आणि फोन हाताशी ठेवून झोपा. गाडीचा नंबर किंवा डबा आणि बर्थ घरी कळवा. व्हॉट्सॲपवर आठ तासांपर्यंत लाइव्ह लोकेशन पाठवता येतं. ते एका मित्राला पाठवण्यात कसला आलाय कमीपणा?

फोन चोरीला गेला तर नुकसान फक्त फोनचं होत नाही. स्क्रीनला लॉक असलं तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की ओटीपी तिकडे जातात. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन सिमलाही पिन लावा. पिन तीनदा चुकला तर सिम अडकतं, तेव्हा ते उघडणारा पीयूके कोड घरी लिहून ठेवा. *#०६# डायल करून आयएमईआय नंबरही टिपून ठेवा. पोलिसांत तक्रार दिल्यावर 'संचार साथी'वरून फोन बंद करता येतो. पगाराच्या खात्यावरून प्रवासात पैसे देऊ नका, थोडी रक्कम असलेलं वेगळं खातं वापरा. आणि पाकिटात थोडी रोकड व कागदावर लिहिलेले घरचे दोन नंबर असू द्या. आज पाठ असा कुणाचाच नंबर नसतो.

आता ज्याविषयी आपण फक्त कुजबुजतो, त्याविषयी. ३१ जुलै २०२३ ला जयपूर–मुंबई एक्सप्रेसमध्ये पालघरजवळ झालेल्या गोळीबारात एक पोलीस अधिकारी आणि तीन मुस्लिम प्रवासी मारले गेले. आरोपी रेल्वे सुरक्षा दलाचाच कॉन्स्टेबल. २८ ऑगस्ट २०२४ ला धुळे–मुंबई एक्सप्रेसमध्ये इगतपुरीजवळ एका वृद्ध मुस्लिम प्रवाशाला बीफच्या संशयावरून मारहाण झाली. अशा बातम्यांनंतर घरोघरी सल्ले मिळतात: दाढी काढ, टोपी खिशात ठेव, नाव विचारलं तर दुसरंच सांग. दाढी-टोपीचं ज्याचं त्याने ठरवावं. खोटं नाव मात्र सांगू नये. तिकिटावर एक आणि तोंडात दुसरं नाव सापडलं, तर संशय वाढतोच. शिवाय आपल्याच देशात नाव लपवायची सवय लागली की ती प्रवासापुरती राहत नाही.

टोळकं अंगावर आलं तर वाद जिंकायचा नसतो, धडधाकट उतरायचं असतं. शिवीला उत्तर देऊ नका. एकटे कोपऱ्यात अडकू नका. कुटुंबं बसली आहेत तिकडे, टीसीकडे सरका. रेल्वेत १३९, इतरत्र ११२. जिवावर बेतलं तर साखळी ओढायला ते पुरेसं कारण आहे. उतरल्यावर मात्र गप्प बसू नका. इगतपुरीच्या घटनेत गुन्हा दाखल झाला तो व्हिडिओ सगळीकडे पसरल्यावर. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार हद्दीच्या कारणावरून नाकारता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते.

पोलिसांनी विचारपूस केली तर नाव सांगा, ओळखपत्र दाखवा, कोणत्या ठाण्याचे आहात ते नम्रपणे विचारा. अटक झालीच तर कारण कळण्याचा, वकिलाला भेटण्याचा आणि २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर केलं जाण्याचा हक्क संविधानाच्या कलम २२ ने दिला आहे. नाव ऐकून लॉजवाल्याने खोली नाकारली, तर कलम १५(२) लक्षात ठेवा; त्यात हॉटेलांचा उल्लेख स्पष्ट आहे. तिथे रात्री भांडत बसण्यापेक्षा दुसरी खोली शोधा आणि सकाळी लेखी तक्रार करा.

हेही खरं की माझ्या आजवरच्या प्रवासात 'बसा ना' म्हणून सरकणारी माणसंच जास्त भेटली. त्यांच्यावरचा विश्वास सोडायचं काही कारण नाही. आणि उद्या डब्यात दुसरा कुणी अडचणीत असेल, तेव्हा १३९ लावणारा माणूस आपण असायला हवं.

एवढं सगळं मुलांनी शिकून घेतलं, की घरात बहिणीचा विषय काढावा. वरच्या यादीत तिला जमणार नाही असं काहीच नाही. तिच्या वाट्याला आणखी धोके येतात, हे मान्य. म्हणूनच तिला तयारी जास्त हवी, घरात बसवणं नको. पुढच्या वेळी ती नागपूरला निघेल तेव्हा 'नकोच जाऊ' हे शब्द येण्याआधी भावाने तिच्या सिमला पिन लावून द्यावा आणि डबा-बर्थ लिहून घ्यावा.