आधी तोल, मग मोटर

मी लग्नाचं शूटिंग करतो. कोल्हापूरच्या कळंबा तलावावर प्री-वेडिंगचं शूटिंग करायला आलेली पोरं गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी मोटरची दांडी, तोल न साधता थेट चालू करतात, ते मला खटकतं. मोटरचं काम हाताचे हिसके जिरवायचं. तिला कॅमेऱ्याचं वजन पेलायला लावलं की ती तापते, बॅटरी उतरते, चित्रात बारीक थरथर येते. 1976 साली पडद्यावर आलेल्या गॅरेट ब्राउन यांच्या स्टेडीकॅम या कॅमेरा स्थिर धरणाऱ्या साधनाची बरीचशी करामत वजनाच्या मांडणीचीच होती. चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी जिथं स्वतः कॅमेरा घडवला, त्या कोल्हापुरात तरी ही हयगय नको. लेन्स, बॅटरी, कार्ड बसवा, लेन्सचं झाकण काढा. मोटर बंद ठेवूनच कॅमेऱ्याखालची प्लेट सरकवा. लेन्स आभाळाकडं करून हात सोडला तरी कॅमेरा तिथंच थांबला पाहिजे. मग आडवा तोल, शेवटी पॅनचा, म्हणजे डावी-उजवीकडं वळण्याचा तोल. लेन्स बदलली की पुन्हा पहिल्यापासून. नवरदेव कितीही घाई करू दे.