मान मोडून घेण्याआधी रक्तदाब मोजा

कंबर धरली, मान आखडली, तळपायाची आग होते. विश्रांतवाडी, फुलेनगर, कळस, धानोरी या भागात या तीन तक्रारी नसलेले घर शोधूनच काढावे लागेल. कुणी बिगारी काम करतो, कुणी दिवसभर रिक्षा चालवतो, कुणी खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. आमच्या भगिनी चार घरची धुणीभांडी करून येतात आणि मग स्वतःच्या घरची करतात. ही अंगे दुखणार नाहीत तर काय होईल?

दुखते म्हणून माणूस उपाय शोधतो. दाढी झाली की न्हावी मान डावीउजवीकडे फिरवून काडकन आवाज काढतो, वर दहावीस रुपये बक्षीस घेतो. हाडवैद्य पालथे झोपवून पाठीवर भार देतो. आणि अलीकडे मोबाईलवर कायरोप्रॅक्टिकचे व्हिडिओ पाहून तरुण मुले एकमेकांच्या माना मोडू लागली आहेत! दुकानांच्या पाट्यांवरही हा शब्द दिसतो. मणका जागेवर बसवला की मधुमेह, दमा, रक्तदाब सगळे आपोआप जाते, असे तिथे सांगतात. बऱ्याच वाचकांनी विचारले की यात तथ्य किती. म्हणून या वेळी हाच विषय घेतो.

कायरोप्रॅक्टिक ही विद्या अमेरिकेतली. १८९५ साली आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर या गृहस्थाने ती सुरू केली. हा आधी हात फिरवून चुंबकशक्तीने बरे करतो असे म्हणणारा माणूस. त्याचा पहिला रोगी हार्वे लिलार्ड, त्या इमारतीत झाडलोट करणारा एक कृष्णवर्णीय कामगार. त्याला कमी ऐकू येत असे. पामरने पाठीचा मणका दाबला आणि ऐकू येऊ लागले, असे सांगतात. आता गंमत अशी की कानाची नस मेंदूतून थेट कानात जाते, पाठीच्या मणक्यातून जातच नाही. तरीही जवळजवळ सगळे आजार मणका सरकल्याने होतात असा सिद्धांत पामरने मांडला. आज अमेरिकेत या विद्येची महाविद्यालये आहेत, परवाने आहेत. भारतात मात्र तिची कायदेशीर परिषद नाही. म्हणजे पाटी लावणारा काय शिकला, कुठे शिकला, याचा जाब विचारणारे कुणी नाही.

तथ्य एवढेच की साध्या कंबरदुखीत शिकलेल्या माणसाने हाताने केलेल्या उपचाराने थोडाफार आराम पडतो. पण तेवढाच आराम व्यायामानेही पडतो. मधुमेह, दमा, रक्तदाब यांवर त्याचा उपयोग होतो याला पुरावा नाही.

मानेची गोष्ट वेगळी. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांना असलेल्या भोकांतून वर चढतात. मान झटक्याने फिरवली की या धमनीचे आतले अस्तर फाटू शकते. तिथे गुठळी होते, ती मेंदूत जाते आणि पक्षाघात होतो. असे क्वचित घडते, हे खरे. पण ज्याच्या घरात एकाच्या मजुरीवर पाच तोंडे जेवतात, त्याने दहा रुपयांच्या सुखासाठी हा डाव का खेळावा? मान मोडल्यावर चक्कर आली, एकाचे दोन दिसू लागले, गिळता येईना, चालताना तोल जाऊ लागला, तर लिंबूपाणी पाजत बसू नका. रिक्षात घाला आणि त्याच तासाला ससून गाठा. न्हाव्याला हसून सांगावे, “दादा, दाढी कर, मान राहू दे.” तो काही रागावत नाही.

यापेक्षा मोठा धोका दुसराच आहे. दुखणे चोळण्यात वर्ष जाते आणि आतला आजार वाढत राहतो. पाठीच्या मणक्याचा क्षय आपल्या वस्त्यांत काही नवलाचा नाही. सुरुवातीला ती साधी पाठदुखीच वाटते. पण साधी पाठदुखी आडवे पडले की कमी होते. ही रात्री झोपेतूनही उठवते. संध्याकाळी बारीक ताप येतो, भूक मरते, वजन उतरते, घरात पूर्वी कुणाला टीबी झालेला असतो. पोखरलेल्या मणक्यावर कुणी पाय दिला तर तो बसतो आणि पाय लुळे पडू शकतात. वेळेत ओळखला तर हा आजार औषधाने बरा होतो. औषध वर्षभर किंवा त्याहून जास्त घ्यावे लागते, पण ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पायातली ताकद जाणे, बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, यांपैकी एक जरी झाले तरी त्याच दिवशी मोठे रुग्णालय. येरवड्याला महापालिकेचे राजीव गांधी रुग्णालय जवळ आहे; तिथून पुढे ससूनला पाठवतात.

आता तळपायाची आग. घरोघरी यावर काशाची वाटी फिरवतात, वीट तापवून शेक घेतात. पण वर्षानुवर्षे पायाची आग होत असेल तर आधी रक्तातील साखर तपासा. साखर वाढलेली राहिली की मज्जातंतू आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या खराब होतात. सर्वांत लांब मज्जातंतू पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात तिथून होते. आधी आग, मुंग्या; मग बधिरपणा. आग थांबली म्हणून माणूस खूश होतो, प्रत्यक्षात पाय मुका झालेला असतो. अशा पायाला तापलेली वीट लावली तर फोड येतो तरी कळत नाही. फोडाची जखम होते, जखम चिघळते आणि शेवटी बोट किंवा पाऊल कापण्याची पाळी येते. घरच्या घरी एक तपासणी करता येते. माणसाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला, करंगळीला आपल्या बोटाने हलकेच शिवा, दाबू नका. दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही तर डॉक्टर गाठावा. (दारूने आणि ब-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यानेही असे होते. तेही तपासणीतच कळते.)

या आजाराची यातना काय असते हे आपल्याला वेगळे सांगायला नको. बाबासाहेबांना मधुमेह होता. पायांतल्या मज्जातंतूंच्या वेदनांनी त्यांना रात्र रात्र झोप लागत नसे. घटनेचे काम चालले होते त्या काळात प्रकृती फारच बिघडली. ते इन्शुलिन घेत. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला तो डॉ. शारदा कबीर यांच्याशी, ज्यांना आपण माईसाहेब म्हणतो, त्या एम.बी.बी.एस. झालेल्या डॉक्टर होत्या.

निसर्गोपचाराला आमचा विरोध आहे असे मात्र कुणी समजू नये. पुण्याशी त्याचे नाते जुने आहे. ताडीवाला रोडवर, आपल्याच वस्तीला लागून, डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते. गांधीजी तिथे येऊन राहत. त्याच जागी १९८६ साली केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था सुरू झाली. १९४६ साली गांधीजींनीच उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम काढला. गांधीजींशी आपला जो वाद तो आहेच. येरवड्याच्या तुरुंगात १९३२ साली काय घडले ते आपल्या पोरासोरांनाही पाठ आहे. पण त्याच तुरुंगातली त्याआधीची एक हकिकत इथे सांगण्यासारखी आहे. जानेवारी १९२४ मध्ये तिथे बंदिवासात असताना त्यांच्या पोटात असह्य दुखू लागले. अ‍ॅपेंडिक्स सुजले होते. माती, पाणी, उपवास यांवर एवढी श्रद्धा असलेला माणूस. पण त्यांनी शस्त्रक्रियेला संमती दिली. त्यांना ससूनमध्ये हलवले आणि कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने रात्री शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली, तेव्हा कंदिलाच्या उजेडात ती पुरी केली. निसर्गोपचाराचा एवढा मोठा पुरस्कर्ता वाचला तो ससूनच्या टेबलावर.

निसर्गोपचारातले जे खरोखर कामाचे आहे ते बिनपैशाचेही आहे. साधी कंबर धरली तर आठ दिवस अंथरुणाला खिळू नका. एकदोन दिवस जपून राहा आणि मग हळूहळू चालायला लागा. बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत अशीच बरी होते. ओझे उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघे वाका आणि पाटी अंगाशी धरा. धुणीभांडी करणाऱ्या भगिनींनी मालकिणीकडे उंच स्टूल आणि लांब दांडीचे पोछे मागावे. यात लाजण्यासारखे काही नाही, हा कामाचा हक्क आहे.

आणि मीठ. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा एक चमचाही नाही. सुकट, बोंबील, पापड, लोणचे, खारी यांतले मीठ यातच धरायचे. बोंबील सोडा असे आम्ही म्हणणार नाही, आम्हालाही ते सोडवत नाही. दोनदा पाण्यातून काढा आणि कालवणात वरून मीठ घालू नका.

तीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर पाहावी. महापालिकेच्या दवाखान्यात ही तपासणी होते. रक्तदाबाला दुखणे नसते. डोके दुखेल तेव्हा बघू म्हणणाऱ्याचे मूत्रपिंड तोवर खराब झालेले असते. मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसा, अर्धा तास आधी चहा, विडी, तंबाखू नको. वेगवेगळ्या दिवशी १४० वर ९० किंवा त्यापुढे आला तर डॉक्टर सांगतील ती गोळी सुरू करा. “गोळीची सवय लागते” हे खोटे आहे. ती बंद केली की दाब पुन्हा चढतो, कारण आजार तिथेच असतो. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून खात्री करतात. बायकांनी त्याच खेपेला हिमोग्लोबिनही पाहून घ्यावे. ते १२ च्या खाली असेल तर तो थकवा वयाचा नव्हे, रक्त कमी असल्याचा आहे.

जाताना जुने केसपेपर आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर न्या. गोळीचा रंग सांगून डॉक्टरला काही कळत नाही. आणि तिथे आहातच तर तोंड उघडून दाखवा. पांढरा चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेले तोंडातले फोड, पूर्ण न उघडणारा जबडा हे मिश्री आणि गुटखा यांचे देणे असते. मिश्रीचा विषय मोठा आहे, तो पुढील अंकी घेऊ.