आयसीयूबाहेरची सही

गेल्या हिवाळ्यात आमच्या मामूंना न्यूमोनिया झाला आणि तीनच दिवसांत तो इतका बळावला की त्यांना अतिदक्षता विभागात, म्हणजे आयसीयूत हलवावे लागले. आयसीयूबाहेरच्या बाकांवर ज्या घराने रात्री काढल्या आहेत, त्यांना आम्ही वेगळे काय सांगणार! कुणी तसबीह घेऊन बसलेले, कुणी औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन खाली-वर धावणारे, घरून आलेला डबा तसाच परत जाणारा.

एका संध्याकाळी, मगरिबनंतर, एक तरुण डॉक्टर बाहेर आल्या. हातात चार-पाच पानांचे संमतीपत्र होते. म्हणाल्या, "पेशंटला शिरेतून सलाइन द्यावे लागते आहे. दोन प्रकारची सलाइन आहेत, दोन्ही आम्ही रोज वापरतो. त्यांतले जास्त चांगले कोणते, याचा अभ्यास चालू आहे. तुमची हरकत नसेल तर यांना त्यात घ्यावे म्हणतो."

मामेभाऊ ताडकन उठला. "आमच्या अब्बांवर प्रयोग करणार तुम्ही?" मामी रडू लागल्या. मोठ्या खालांनी तर कागद हातातच घेतला नाही. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "नको असेल तर राहू द्या. उपचारात काही कमी होणार नाही." आणि त्या आत गेल्या.

उपचारात खरोखरच काही कमी झाले नाही. अठरा दिवसांनी मामू घरी आले, अल्हम्दुलिल्लाह. पण ती संध्याकाळ आमच्या मनातून जात नाही. नकार देण्याचा आम्हाला हक्क होताच. मात्र आम्ही नकार दिला तो कागद वाचून नव्हे, 'प्रयोग' या एका शब्दाला घाबरून. म्हणून या महिन्यात त्या शब्दाविषयीच बोलू.

आपली समजूत अशी असते की कोणत्या आजारावर काय द्यायचे हे डॉक्टरांना पक्के ठाऊक असते. पुष्कळ ठाऊक असते, हे खरे. पण आयसीयूतल्या माणसाला एकाच वेळी ऑक्सिजन, सलाइन, अँटिबायोटिक, रक्तदाबाचे औषध असे दहा उपाय चालू असतात. माणूस बरा झाला तर तो नेमका कशाने झाला, आणि नाही वाचला तर कशामुळे, हे एका पेशंटवरून कुणालाच सांगता येत नाही. नेक इराद्याने दिलेला उपायही निकामी ठरू शकतो. हे आपण सर्वांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे.

२०२० चे ते दिवस आठवा. कोरोनातून बरे झालेल्या माणसाच्या रक्तातला पिवळसर पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, आजारी माणसाला दिला की तो वाचतो, असे सगळीकडे बोलले जात होते. कल्पना पटण्यासारखी होती, कारण बरे झालेल्याच्या रक्तात आजाराशी लढणारे घटक असतात. दिल्लीत तबलीगी जमातचे बरे झालेले अनेक साथी प्लाझ्मा द्यायला पुढे आले. ज्यांना कालपर्यंत दूषणे दिली जात होती, त्यांनीच आपले रक्त देऊ केले. आपल्या महाराष्ट्रातही जून २०२० मध्ये सरकारने प्लाझ्मा उपचाराचा मोठा प्रकल्प सुरू केला. मोबाइलवर रात्री-अपरात्री निरोप यायचे, 'अमुक रक्तगटाचा प्लाझ्मा तातडीने हवा'.

त्याच वेळी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, एक काम शांतपणे केले. एप्रिल ते जुलै २०२० या काळात देशातल्या ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांचे, त्यांच्या संमतीने, दोन गट केले. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार दिले आणि एका गटाला त्याबरोबर प्लाझ्माही दिला. २८ दिवसांनी हिशेब मांडला. प्लाझ्मा मिळालेल्या २३५ जणांपैकी ४४ जणांचा आजार गंभीर झाला किंवा त्यांचे निधन झाले. प्लाझ्मा न मिळालेल्या २२९ जणांत ही संख्या ४१ होती. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. पुढे ब्रिटनमध्ये ११ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासातही तेच दिसले. अखेर मे २०२१ मध्ये आपल्या देशाच्या उपचारपद्धतीतून प्लाझ्मा वगळण्यात आला.

प्लाझ्मा देणाऱ्यांची नियत पाक होती, तिचे अज्र त्यांना मिळेल. पण ज्या ४६४ कुटुंबांनी त्या अभ्यासाच्या कागदावर सही केली, त्यांनीही मोठी खिदमत केली. त्यांच्यामुळे पुढच्या हजारो घरांची प्लाझ्मासाठीची धावपळ वाचली.

आता दुसरी बाजू पाहा. ब्रिटनमध्ये मार्च २०२० मध्ये 'रिकव्हरी' नावाचा अभ्यास सुरू झाला. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी त्यात अनेक औषधे तपासली. त्यांतले एक होते डेक्सामेथासोन, एक जुने, स्वस्त स्टिरॉइड. २,१०४ रुग्णांना ते दिले आणि ४,३२१ रुग्णांना नेहमीचेच उपचार दिले. १६ जून २०२० रोजी निकाल जाहीर झाला. व्हेंटिलेटरवरच्या दर १०० रुग्णांमागे जिथे ४१ दगावत होते, तिथे हे औषध मिळालेल्यांत २९ दगावले. नुसता ऑक्सिजन लागणाऱ्यांत २६ ऐवजी २३. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांना काहीच फायदा दिसला नाही, उलट नुकसान होण्याची शक्यता दिसली.

हे शेवटचे वाक्य आपल्याकडे फार थोड्यांपर्यंत पोहोचले. दुसऱ्या लाटेत साध्या तापातही लोकांनी घरच्या घरी स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या. मधुमेह असलेल्या कित्येकांची साखर त्याने भडकली आणि काळ्या बुरशीच्या आजाराला वाट मिळाली. औषध कुणाला द्यावे, हे अभ्यासाने सांगितले तसे कुणाला देऊ नये, हेही सांगितले होते.

अशा अभ्यासात कोणाला कोणता उपचार मिळणार, हे डॉक्टर ठरवत नाहीत. चिठ्ठी टाकावी तसे संगणक ठरवतो. हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. पण डॉक्टरांनी निवडले, तर नकळत नवे औषध त्यातल्या त्यात धडधाकट माणसाकडे जाईल आणि औषध आहे त्याहून गुणकारी वाटेल. हजार वर्षांपूर्वी अबू बक्र अर-राझी या थोर हकीमांनी सरसामच्या रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाची शीर उघडून रक्त काढले आणि दुसऱ्याचे मुद्दाम काढले नाही. तुलना केल्याशिवाय कळत नाही, ही गोष्ट त्यांनी तेव्हाच ओळखली होती. रक्त काढल्याने रुग्ण वाचतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आज तो कुणी मानत नाही. गट करणे पुरेसे नसते, ते चिठ्ठी टाकून, पुष्कळ रुग्णांत करावे लागतात, हे कळायला आणखी कित्येक शतके गेली.

पण आमच्या मामेभावाची भीती निराधार होती का? तसेही नाही. आपल्या देशात गरीब, अडाणी रुग्णांना धड न सांगता त्यांच्यावर औषधे तपासल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. २०१३ पासून नियम कडक झाले आणि २०१९ मध्ये नवी नियमावली आली. म्हणून डोळे मिटून सही करू नये आणि डोळे मिटून नकारही देऊ नये. असा कागद समोर आला तर पुढील गोष्टी विचाराव्यात.

पहिली, हा अभ्यास कशाचा आहे? दोन चालू उपचारांची तुलना आहे की अगदी नवे औषध आहे? दोन्हींतली जोखीम सारखी नसते.

दुसरी, नैतिक समितीची मंजुरी आहे का आणि देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत अभ्यासाची नोंद आहे का? ही नोंदवही २००७ पासून आहे आणि इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. नोंदणीचा क्रमांक मागून घ्यावा.

तिसरी, खर्च कोणाचा? केवळ अभ्यासासाठी होणाऱ्या जादा तपासण्यांचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळण्याचा हक्क असतो.

चौथी, मध्येच बाहेर पडता येईल का? उत्तर 'हो' असेच असले पाहिजे, आणि कारण देण्याची सक्ती नसते.

कागद आपल्याला समजेल अशा भाषेत मागावा. वाचता येत नसेल तर रुग्णालयाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर ठेवून वाचून घ्यावा. सहीची एक प्रत घरी आणावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर जवळचा नातेवाईक सही करू शकतो. पण रुग्ण शुद्धीवर आला की त्याला सगळे सांगून त्याचीही इच्छा विचारली पाहिजे.

या शेवटच्या गोष्टीवरूनच मामूंची आठवण निघाली. घरी आल्यावर महिनाभराने, जुम्म्याच्या दुपारी जेवणे झाल्यावर, मामेभावाने त्या संध्याकाळची हकिकत त्यांना सांगितली, थोड्या फुशारकीनेच. आपण अब्बांना कसे वाचवले, अशा थाटात. मामू तीस वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "कागदात काय लिहिले होते?"

कुणालाच सांगता येईना.

"मग नकार कशाला दिलात?" मामू म्हणाले. "मी जे औषध घेऊन उठलो, ते कुणीतरी आधी तपासू दिले असेल ना?"

मामेभाऊ खाली मान घालून बसला. खाला उठून चहा टाकायला गेल्या. आम्हीही त्या बाकावर होतो, आणि आम्हीही तो कागद वाचला नव्हता.