नाव बदललं, पुढं काय?

ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात २८५ मुलींची नावं समारंभपूर्वक बदलली गेली. 'नकुसा', 'नकोशी' ही त्यांची आधीची नावं. मुलीवर मुलगी झाली की असं नाव ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होईल, ही समजूत! नावं बदलली हे चांगलंच झालं. पण मैत्रिणींनो, मनावरचं नाव कसं पुसायचं?

रडल्यावर कोण धावून येतं, दूध आधी कुणाला मिळतं, ताप आला तर दवाखान्यात कुणाला लगेच नेतात, हे सगळं मूल बोलायच्या आधीपासून टिपत असतं. 'आपण नको आहोत' हे मुलीला वेगळं शिकवावं लागत नाही. पुढे अशा कितीजणी मार सोसून गप्प बसतात, ग्रामसभेत उठून बोलत नाहीत. मग आपण शिबिरं घेऊन त्यांना बोलतं करू पाहतो.

याचा दोष आईच्या माथी मारू नये. मुलगा होईपर्यंत बाळंतपणं सोसणारी तीही घरात नकोशीच असते. बालपण म्हणजे अटळ नशीबही नव्हे; पुढे माया, शाळा, संघटना मिळाली की माणूस सावरतं. पण तोवर वाट का पाहायची?

१९७५ पासून अंगणवाडी आहे, सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. तिथं मुलींना कुणी जवळ घेतं का, बोलतं का, हे आपण कधी विचारतो? आणि हे काम करणाऱ्या सेविकेला सरकार आजही पगार देत नाही, 'मानधन' देतं. हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. दोन्ही आपल्या मोर्चात हवेत.