विद्यावेतन मिळाले, विद्या मिळाली काय?

सातारा-सांगलीतील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. जानेवारीनंतर हळदीची काढणी येते आणि त्याच सुमारास तासगावच्या शेडमध्ये बेदाणा तयार होऊ लागतो. या दोन जिल्ह्यांतील अन्नप्रक्रियेचे वेळापत्रक असे निसर्गाने आखलेले आहे. शिकाऊ उमेदवारांसाठीच्या सरकारी अनुदानाचे वेळापत्रक मात्र शासननिर्णय आखतो. या दोहोंचा मेळ बसत नाही.

जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जाहीर केली. बारावी उत्तीर्णास दरमहा ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन सरकारी तिजोरीतून द्यावयाचे ठरले. मुदत आरंभी सहा महिन्यांची होती. २०२५ मध्ये ती पाच महिन्यांनी वाढविण्यात आली. सहा महिन्यांच्या हिशेबाने ऑगस्टमध्ये रुजू झालेला तरुण हळद-बेदाण्याच्या ऐन हंगामात बाहेर पडणार, हे उघड आहे. शिवाय विद्यावेतनाचा भार मुळीच नसल्यामुळे त्याला काही शिकविण्याची निकड मालकाला भासत नाही. याउलट केंद्राच्या २०१६ च्या योजनेत सरकारचा वाटा विद्यावेतनाच्या पाव हिस्सा, तोही कमाल १,५०० रुपये, असा ठेवला गेला. हा उरलेला भार लहान उद्योजकाला पेलत नाही.

मुळात १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाची घडणच कारखान्याच्या मापाने झालेली आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार तीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेवर अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेण्याचे बंधन आले. साखर कारखाने आणि मोठे दूधसंघ त्यात बसतात. चार-दहा माणसांवर चालणारी गुऱ्हाळे आणि बेदाण्याच्या शेड बसत नाहीत. काहील केव्हा उतरवावी हे गुळव्याला नजरेने कळते. ते ज्ञान मात्र कोणत्याही अभ्यासक्रमात शिरलेले नाही आणि गुळव्याबरोबर ते संपण्याची भीती आहे.

मग सरकारने पैसा देऊच नये काय? तसे नव्हे. शिकविलेला कामगार दुसरीकडे निघून गेला की लहान मालकाचा खर्च बुडतो. लाभ मात्र साऱ्या उद्योगाला होतो. अशा ठिकाणी सार्वजनिक पैसा खर्च होणे अर्थशास्त्राला धरूनच आहे. प्रश्न तो कशासाठी द्यावा हा आहे. जर्मनीत शेती हा तीन वर्षांच्या उमेदवारीने शिकण्याचा मान्यताप्राप्त व्यवसाय आहे, आणि शिकविणाऱ्या शेतकऱ्याचीही पात्रता तपासली जाते. येथे दहा-वीस लहान उद्योगांनी सहकारी तत्त्वावर एकत्र येऊन उमेदवार घ्यावेत, मुदत हंगामाशी जोडावी, आणि अनुदानाचा काही भाग अखेरच्या प्रात्यक्षिक परीक्षेनंतरच द्यावा. शिकविणाऱ्या गुळव्यालाही मानधन असावे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. पुढे ‘कमवा आणि शिका’ हा तिचा मंत्र झाला. त्या मंत्रात दोन क्रियापदे आहेत. पहिल्याची तरतूद सरकारने केली. दुसरे अद्याप अनुदानाच्या प्रतीक्षेत आहे.