आकाशाचा पत्ता

पंचांगात आजचे नक्षत्र घरोघरी पाहिले जाते. परंतु तेच नक्षत्र आकाशात दाखवा म्हटले की आपण निरुत्तर होतो. ही स्थिती आम्हांस लाजिरवाणी वाटते.

ताऱ्याचे स्थान सांगण्यास दोन कोन पुरतात. क्षितिजावर उत्तरेपासून पूर्वेकडे मोजतात तो दिगंश आणि क्षितिजापासून वर मोजतात तो उन्नतांश. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंश व्यापते. पृथ्वीच्या भ्रमणामुळे हे कोन घटकेघटकेस बदलतात. ध्रुव तेवढा जवळजवळ स्थिर. सप्तर्षींतील पुलहापासून क्रतूकडे जाणारी रेषा त्यांच्या अंतराच्या सुमारे पाचपट पुढे वाढविली की तो सापडतो. त्याचे उन्नतांश म्हणजे जवळजवळ आपल्या गावचे अक्षांश! उज्जयिनीस ते सुमारे २३, म्हणजे सव्वादोन मुठी.

त्याच उज्जयिनीत सवाई जयसिंगांची अठराव्या शतकातील वेधशाळा आहे. १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार करविला. प्रचलित सारण्या आकाशाशी जुळत नाहीत, असे दिसल्यावर जयसिंगांनी ग्रंथांवर विसंबून न राहता दगडी यंत्रे उभारली.

कोणी म्हणेल, आता भ्रमणध्वनी ताऱ्याचे नाव क्षणात सांगतो. खरे आहे, पण ऐकलेले नाव विसरते, स्वतः मोजलेला कोन विसरत नाही. म्हणून प्रत्येक शाळेने चैत्र-वैशाखातील एका निरभ्र रात्री मैदानावरील दिवे मालवून विद्यार्थ्यांकडून ध्रुवाचे उन्नतांश मोजवून घ्यावेत, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. यास खर्च काहीच नाही. मूठ प्रत्येकाजवळ आहेच.